पाचव्या रेषेवरचा गजर

३ फेब्रुवारी

आज खोटं बोललो. मुद्दाम नाही, तोंडातून निघून गेलं.

हिचा जुना विद्यार्थी, आम्ही त्याला दाढी म्हणतो, त्याचा फोन आला होता. हिने शाळेत गाणं शिकवलं तेव्हा तो सातवीत होता, आता स्वतःच चाली लावतो. लहान मुलांसाठी आठ अंगाईगीतं करतोय. म्हणाला, "काका, मला बाईंचाच आवाज हवाय. पण त्या स्टुडिओत येणार नाहीत, हे मला ठाऊक आहे."

ते खरंच आहे. वीस वर्षांपूर्वी ही एकदा गेली होती. काचेपलीकडे चार माणसं बसलेली, त्यातलं एक जांभई देत होतं. हिचा गळा जो मिटला तो मिटलाच. एक ओळ न गाता घरी आली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. त्यानंतर नुसती मुलांना शिकवत राहिली. स्वतःच्या आवाजाचं एकही रेकॉर्डिंग नाही आमच्याकडे.

तर दाढी म्हणाला, "घरीच करू. माइक मी पाठवतो, माझ्याकडे जादाचा आहे. तुमच्याकडे बरा प्रीअँप आहे ना?"

मी म्हणालो, "आहे की!"

प्रीअँप म्हणजे काय, हे मला कुठे माहीत? पण "नाही" म्हणालो असतो तर त्याने दुसरी कुणी बघितली असती. अठ्ठावीस तारखेपर्यंत आठही गाणी हवीत त्याला, नाहीतर दुसरी गायिका तयार ठेवलीय.

४ फेब्रुवारी

हिला सांगितलं. वाटलं होतं, भडकेल. ती पोळपाट धूत होती, धूतच राहिली. मग म्हणाली, "मला विचारलंत तरी का?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो, म्हणाले असते." आणि थोड्या वेळाने, पाठ तशीच ठेवून, "किती गाणी आहेत?"

तेव्हाच कळलं की हिला करायचंय. आता माझ्यामुळे फिसकटलं, तर ही मला काही बोलणार नाही, आणि तेच जास्त वाईट.

५ फेब्रुवारी

वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराच्या गळ्यात कायम हेडफोन. त्याने समजावलं. माइकमधून निघणारा आवाज अगदी बारीक असतो, तो मोठा करून संगणकाकडे धाडणारी डबी म्हणजे प्रीअँप. माइक आणि संगणक यांच्यामधला माणूस. वाईट असला तर आवाज मोठा करता करता स्वतःचाही सूं मिसळतो.

"म्हणजे काट्यासारखंच," मी म्हणालो. "वाईट काटा मालाबरोबर स्वतःचंही वजन दाखवतो."

"कसला काटा?"

मग सांगावं लागलं की मी चौतीस वर्षं वजनकाटे दुरुस्त केले. तराजू, दुकानातले काटे, गोदामातले मोठे. त्याला काही विशेष वाटलं नाही.

परवडणाऱ्यांतले तीन होते. त्यातला सगळ्यात साधा घेतला. आठ दिवसांत नाही पटला तर बदलून देईन म्हणाला. आणि एक बजावलं, "डबीवरचा लाल दिवा लागला की आवाज फाटला समजा. लाल लागू द्यायचा नाही." घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात.

६ फेब्रुवारी

दाढीने पाठवलेला माइक आला. कपड्यांच्या कपाटासमोर खुर्ची, दोन्ही बाजूंना दोरीवर रजया. इस्त्रीच्या टेबलावर लेकीचा जुना लॅपटॉप. ही म्हणाली, "बाळंतिणीची खोली केलीत."

आता मशीन खरं की खोटं, हे ठरवायचं कसं? आमचे वस्ताद म्हणायचे, काटा तपासायचा तर हातात प्रमाण वजन हवं, नाहीतर नुसत्या गप्पा. आवाजाचं प्रमाण वजन कुठून आणू? शेवटी चावीचं गजराचं घड्याळ काढलं. माइकपासून एक वीत लांब ठेवलं, पूर्ण चावी दिली, गजर वाजवला. लॅपटॉपच्या पडद्यावर दहा रेषांची पट्टी आहे, आवाज जितका मोठा तितका तिचा हिरवा रंग वर चढतो. डबीचं बटन फिरवत गजर बरोबर पाचव्या रेषेवर आणला. मग बटनाला हात नाही. मी स्वतः "हॅलो हॅलो, एक दोन तीन" म्हणालो, आठ. मग हिला एक वीत अंतरावर बसवलं, तिच्या तोंडापासून माइकपर्यंत वीत मीच मोजली.

"अहो, नाकात बोट जाईल!"

पहिलं गाणं गायली, बोटीचं. कसं सांगू! रजयांच्या मागे उभा होतो म्हणून बरं, माझं तोंड दिसलं नाही.

घड्याळ: पाच. ही: आठ. शेवटच्या ओळीला जरासा सूं.

सूं मला आवडला नाही. पण ही म्हणाली, आधी दोन-चार दिवस रियाज करते, मग पक्कं रेकॉर्डिंग करू.

१० फेब्रुवारी

घड्याळ: पाच. ही: सात. सूं आहे, आणि आता पहिल्या ओळीपासून.

मशीन मोठं लबाड आहे. नुसती खोली रेकॉर्ड केली, चिडीचूप. गजर वाजवला, स्वच्छ. ही गायला लागली की सूं सुरू! चांगला काटा भरला तरी आणि रिकामा असला तरी सारखाच वागतो. हा मालक बघून वागतोय.

"तुला ऐकू येतो का गं सूं?" मी विचारलं.

तिने हेडफोन लावून पूर्ण गाणं ऐकलं, मग परत पहिल्यापासून ऐकलं. "येतो," म्हणाली. "मशीनचाच असेल ना?"

"दुसरा कुणाचा असणार?"

११ फेब्रुवारी

दुकानात गेलो. हेडफोनवाल्याने माझ्यासमोर डबी लावली, स्वतः गुणगुणला. काही सूं नाही. मी म्हणालो, "इथे नाही येत, घरी येतो." तो माझ्याकडे असा बघायला लागला, जसा मी गिऱ्हाइकांकडे बघायचो. "तुमच्याकडे बरोबर दाखवतो हो, आमच्या दुकानात आला की कमी दाखवतो," असं म्हणणारे शंभर जण पाहिलेत मी. आज एकशे एकावा मी स्वतः.

तरी बदलून दिली. दुसरी डबी जरा जड आहे. म्हणाला, हिच्यात आवाजाला जास्त भरीवपणा येतो. स्वस्त मशीनं कधीकधी गजर-बिजर पकडतात पण माणसाच्या आवाजाला अंग देत नाहीत. हे पटलं मला. हेच असणार.

१२ फेब्रुवारी

दुसरी डबी. घड्याळ: पाच. ही: सात. सूं आहेच.

सतरा दिवस होते असं वाटत होतं, आज मोजले तर सोळाच. गाणी आठ. झालेली शून्य.

१५ फेब्रुवारी

ही माझ्यावर रागावलीय बहुतेक. जेवणानंतर बोलतच नाही. काही विचारलं तर मान हलवते. फोन वाजला तर वाजू देते, मला खूण करते. सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. मी म्हटलं, "सर्दी झालीय का?" मान हलवली. हो की नाही, तेही कळेना.

रागावेल नाही तर काय! पाहुण्यासारखी खुर्चीवर बसवतो, गायला लावतो आणि मग म्हणतो, राहू दे, मशीन बरोबर नाही.

१७ फेब्रुवारी

घड्याळ: पाच. ही: सहा.

लेकीचा फोन आला. हिच्याशी दोन मिनिटं बोलली आणि मग मला म्हणाली, "बाबा, आईचा आवाज असा का येतोय?"

"असा म्हणजे?"

"दुरून आल्यासारखा. कुणीतरी उशी धरल्यासारखा."

म्हटलं, फोनच जुना झालाय, घरातली सगळी मशीनं एकदम संपावर गेलीत. ती हसली नाही. "आईला विश्रांती घ्यायला सांगा," म्हणाली.

विश्रांती कसली? अकरा दिवस राहिलेत.

१८ फेब्रुवारी

मी हात टेकले होते. दाढीला खरं सांगून टाकावं, असं सकाळी ठरवलं होतं. पण हीच म्हणाली, "अजून एक बघू या का? तिसरी डबी होती म्हणालात ना त्याच्याकडे?"

"ती जरा वरची आहे."

"मग वरचीच आणा. मशीनचाच दोष असेल, तर चांगल्या मशीनवर जाईलच की."

किती शहाणी बायको आहे माझी! दुसरी कुणी असती तर डबी माझ्या डोक्यात घातली असती. इतकी आशेने बोलत होती की मी चहा न घेताच निघालो.

२० फेब्रुवारी

तिसरी डबी. घड्याळ: पाच.

ही: पाच.

घड्याळाएवढीच! असं कसं होईल? दोनदा बघितलं. बटन तेच, वीत तीच. सूं इतका की गाणं त्याच्या मागून ऐकू येतं.

माझा तोल गेला. म्हणालो, "जरा मोकळं गा ना! कुणी काचेपलीकडे बसलंय का इथे?"

बोललो आणि जीभ चावली. ती उठली. "मग नका करू!" एवढंच म्हणाली, पण तेही मधेच तुटलं. 'नका' ऐकू आलं, 'करू' नुसता वारा.

आता ती गॅलरीत कुंड्यांना पाणी घालतेय. अर्धा तास झाला. चारच कुंड्या आहेत.

२२ फेब्रुवारी

हेडफोनवाल्याकडे गेलो. त्याने चौथी डबी दाखवलीच नाही. हेडफोन गळ्यातून काढून काउंटरवर ठेवला. पहिल्यांदाच.

"साहेब, तिन्ही मशीनं चांगली आहेत. मी विकून मोकळा झालो असतो, पण खरं सांगतो. एकदा असं करा, तुम्ही स्वतः बसा आणि तुम्हीच गा."

"मला गाता येत नाही."

"मशीनला काय कळतंय?"

२३ फेब्रुवारी

ही आंघोळीला गेली तेव्हा बसलो. गजर पाचव्या रेषेवर आणला. एक वीत अंतर. "हॅलो हॅलो, एक दोन तीन."

आठ. सूं नाही.

मागची पानं उलटली. पहिल्या दिवशी, पहिल्या डबीवर, मी: आठ. आज, तिसऱ्या डबीवर, मी: आठ. गजर रोज पाच. सगळी डबडी बरोबर दाखवत होती. पहिल्या दिवसापासून.

चौतीस वर्षं एकच गोष्ट हाडात मुरलीय. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की संशय काट्यावर घ्यायचा. प्रमाण वजनावर कधी संशय घ्यायचा नाही, ते बदलत नाही. मी तोच हिशेब इथे लावला. हिचा आवाज बदलेल असं माझ्या मनातच आलं नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली, तो आवाज रोज घरात आहे. मी त्यालाच प्रमाण वजन धरून काटे तपासत बसलो.

आठ, सात, सात, सहा, पाच. माझ्याच अक्षरात लिहिलंय.

ही आंघोळ करून आली. केस पुसत विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "काही नाही." आणि रजया काढायला लागलो.

२४ फेब्रुवारी

सकाळी सांगितलं. कसं सांगायचं ते ठरवलं होतं, तसं झालं नाही. वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "मशीन बरोबर आहे गं."

तिने आकडे वाचले.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. आता जवळजवळ कुजबुजच. "जानेवारीपासून. वरचा सा लागेना. सकाळी गळ्यात काहीतरी आहेसं वाटायचं."

"मग मला बोलली का नाहीस?"

"त्याचा फोन आला ना. तुम्ही हो म्हणालात." ती थांबली, पाणी प्यायली. "आणि तुम्ही दर वेळी इतक्या खात्रीने सांगायचात, मशीनचाच दोष आहे. मला वाटायचं, असेलही. तुम्ही नवी डबी घेऊन दारातून आलात ना, की तेवढा वेळ बरं वाटायचं."

मी रडलो. ती रडली नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, जसं काही माझाच गळा दुखत होता.

२५ फेब्रुवारी

घशाचे डॉक्टर. नाकातून बारीक नळी घालून पडद्यावर दाखवलं. स्वरयंत्राच्या दोन पट्ट्या असतात. हिच्या एका पट्टीवर गाठ आहे, डाळीच्या दाण्याएवढी. त्यामुळे दोन्ही पट्ट्या नीट मिटत नाहीत, मधून वारा निसटतो.

"तोच सूं," मी म्हणालो.

डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी विचारलं, "आवाज किती दिवसांपासून बसतोय? किती झपाट्याने?"

ही म्हणाली, "नक्की नाही सांगता येणार."

मी पिशवीतून वही काढली. सहा तारीख आठ, दहा तारीख सात, बारा सात, सतरा सहा, वीस पाच. अंतर एक वीत, घड्याळ पाच. डॉक्टरांनी चष्मा वर केला आणि वही स्वतःकडे ओढून घेतली. "हे कुणी मोजलं?" त्यांनी पाचही आकडे त्यांच्या कागदावर उतरवले. म्हणाले, दोन आठवड्यांत इतकं उतरलंय तर थांबायचं नाही. गाठ तीन तारखेला काढायची, तपासायला पाठवायची. कसली आहे ते अहवाल आल्यावर कळेल. आवाज पूर्वीसारखा येईल का, याचं वचन देत नाही म्हणाले.

बाहेर बाकावर बसलो. ही म्हणाली, "माझं वजन करून आणलंत तुम्ही." आणि हसली. हसण्याचा आवाज आला नाही, नुसते खांदे हलले.

२६ फेब्रुवारी

दाढीला सगळं सांगितलं. "काका, गाणी थांबवता येणार नाहीत," म्हणाला. दुसरी गायिका गाणार. माइक मात्र परत नको, राहू दे तुमच्याकडे, म्हणाला.

हिला सांगितलं. तिने मान हलवली. मग कपाटासमोर जाऊन बसली.

"डॉक्टरांनी ताण देऊ नको म्हटलंय."

"ताण नाही देत. बोटीचं गाणं, एकदा, हळू. परत असा तरी आवाज राहतो की नाही, कुणी बघितलंय?"

रजया परत बांधल्या. आज घड्याळ लावलं नाही. बटन फिरवत गेलो, फिरवत गेलो, जवळजवळ शेवटपर्यंत, तिचा आवाज आठव्या रेषेवर येईपर्यंत. सूं पण तेवढाच मोठा झाला. होऊ दे. ती गायली, मी हेडफोन लावून ऐकलं. कपाटातल्या कपड्यांची सळसळ, खुर्ची कुरकुरली ती, आणि सुंसुं करत ही. एकदाच. तीन मिनिटं दहा सेकंद.

३ मार्च

काढली. ठीक आहे म्हणाले. आता महिनाभर एक अक्षर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. अहवाल आठ दिवसांनी.

११ मार्च

अहवाल चांगला आला. साधी गाठ. पायऱ्या उतरताना हिनेच माझा दंड धरला.

घरी पाटी आणलीय. तिच्यावर हिने पहिलं लिहिलं, "पोळ्या जाड झाल्यात." तेव्हा जिवात जीव आला.

२९ मार्च

घर इतकं शांत कधी नव्हतं. भांडी घासताना ती गुणगुणायची, हे मला आताच कळतंय. बोटीचं गाणं रोज एकदा ऐकतो, ती झोपली असताना दुपारी. तिला सांगितलेलं नाही.

अहवाल चांगला आला, गाठ गेली, तरी भीती जात नाही. महिना संपेल, ती तोंड उघडेल आणि वाराच आला तर? मग मी काय म्हणू, मशीन बदलू या?

४ एप्रिल

आज डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. त्यांच्यासमोर ती बोलायला तयार होईना. पाटीवर लिहिलं, "घरी."

घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता कपाटासमोर जाऊन बसली. मी माइक लावला. रजया बांधायला माझ्या हातांना गाठच जमेना, एक तशीच खांद्यावर घेऊन उभा राहिलो. वीत मोजली. तिने डोळे मिटले. मी लॅपटॉपकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, पाच तरी, निदान पाच तरी.

ती म्हणाली, "अहो, सुरू करू का?"

डबीवरचा लाल दिवा लागला.

मी दचकलो. बटन! सव्वीस फेब्रुवारीला शेवटापर्यंत फिरवलेलं बटन तसंच राहिलं होतं.

"फाटलं!" मी ओरडलो.

"काय फाटलं?" आणि परत लाल. मग तिला कळलं आणि ती हसायला लागली, आवाजासकट, आणि तो दिवा विझेचना. मी बटनाला हात लावला नाही. लाल लागू द्यायचा नाही, हे मला पक्कं माहीत होतं. तरी बघत राहिलो.

मग रीतसर केलं. गजर लावला, बटन खाली आणलं, वीत पुन्हा मोजली. आठ आला नाही. आवाज जरा जाडसर झालाय, पूर्वीचा नाही. गाणं अजून महिनाभर नाही, म्हणून तिने नुसतं "एक दोन तीन" म्हटलं.

घड्याळ: पाच. ही: साडेसहा. सूं: अगदी थोडा.

मशीन आता बदलायचं नाही.